ओसाड पडलेली सार्वजनिक बाग पुन्हा उभी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेच्या कामाला हात लावू इच्छिणारे लोक पहिल्या आठवड्यात जे विचारतात आणि सहा महिन्यांनी जे विचारतात, त्यात बरंच अंतर असतं. इथे दोन्ही तऱ्हेचे प्रश्न घेतले आहेत. एकाचं उत्तर पुष्कळदा दुसऱ्याशी जोडलेलं असतं, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. मला झाडांतलं काहीही कळत नाही. येऊन उपयोग आहे का?

आहे. कचरा वेचणं, पाला गोळा करणं, खत चाळणं, पाणी घालणं, अवजारं धुऊन जागेवर ठेवणं, फोटो आणि नोंदी ठेवणं ही कामं कोणालाही जमतात, आणि बागेतलं बहुतेक काम हेच असतं. नव्या माणसाने एकच पथ्य पाळावं : जे ओळखता येत नाही ते उपटायचं नाही. पहिले काही आठवडे जाणत्या माणसाच्या शेजारी बसून खुरपणी केली की तण कोणतं आणि रोप कोणतं हे डोळ्यांना आपोआप कळायला लागतं.

लहान मुलं आली तर आनंदच आहे. मात्र त्यांच्यासोबत घरचं मोठं माणूस हवं, आणि प्रश्न ७ मधली सफाई आधी झालेली हवी.

२. आठवड्यातून किती वेळ द्यावा लागेल?

दर आठवड्याला ठरलेल्या वेळी दोन तास पुरेत. महिन्यातून एकदा दिवसभर राबणाऱ्यापेक्षा असा माणूस बागेला जास्त उपयोगी पडतो, कारण तण आणि तहान महिनाभर थांबत नाहीत. येता येणार नसेल तर आधी कळवा. तुमच्या वाटणीचं पाणी दुसरं कोणीतरी घालेल.

३. येताना काय घालायचं, काय आणायचं?

बंद बूट, पूर्ण बाह्या, टोपी, जाड हातमोजे, पिण्याचं पाणी. खुरपं आणि घमेलं बहुतेक ठिकाणी मिळतं. छाटणीचं सिकेटर स्वतःचं असलेलं बरं. ते दर वेळी पुसून ठेवा, कारण रोगट फांदी कापलेल्या पात्यावरून रोग पुढच्या झाडावर जातो.

धनुर्वाताच्या लशीचं मात्र चेष्टेवारी नेऊ नका. त्याचे जंतू मातीतच असतात. मोठ्या माणसांना दर दहा वर्षांनी बूस्टर लागतो. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

४. बाग सगळ्यांचीच आहे ना? मग परवानगी कशाला?

सार्वजनिक म्हणजे बिनमालकीची नव्हे. परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात पाच गोष्टी स्पष्ट करून घ्या : कोणत्या भागात काम करायचं, पाणी कुठून घ्यायचं, गोळा झालेला कचरा कोण उचलणार, झाडाच्या फांदीला हात लावायचा की नाही, आणि कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची. यातली शेवटची बाब विचारायला सगळे लाजतात. पुढे भांडण मात्र तिच्यावरूनच होतं.

‘विनापरवाना सुरुवात करून नंतर मान्यता मिळवली’ अशी उदाहरणं आहेत, आणि ती आम्हाला नेहमी ऐकवली जातात. त्यातलं सर्वांत गाजलेलं न्यूयॉर्कचं. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या ‘ग्रीन गुरिला’ मित्रमंडळींनी बाउरी रस्त्यावरचा कचऱ्याने भरलेला रिकामा भूखंड साफ करून तिथे वाफे केले. पण गोष्टीचा पुढचा भाग सांगायचा राहून जातो. पुढच्याच वर्षी त्यांनी शहराकडून ती जागा रीतसर भाड्याने घेतली. ती बाग आजही आहे, आणि टिकण्यामागे त्या कागदाचाही वाटा आहे.

५. मालक कोण हेच कळत नाही. कोणाकडे जायचं?

जमीन एकाची, देखभाल दुसऱ्याकडे आणि कंत्राट तिसऱ्याकडे असा प्रकार फार ठिकाणी असतो. आधी जमिनीच्या नोंदी बघा, मग देखभाल करणाऱ्या खात्याला लेखी विचारा. तोंडी ‘करा, करा’ म्हणणारा माणूस बदलून गेला की ती परवानगीही त्याच्याबरोबर जाते.

६. पहिल्या दिवशी कोणती रोपं आणायची?

कोणतीच नाही. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, तरी आम्ही ते बदलणार नाही.

बाग रोपं कमी पडली म्हणून ओसाड होत नाही. कोणीतरी एकदा ती लावलेली असतेच. नंतर नळ तुटतो, माळ्याची जागा रिकामी राहते, फाटकाला कुलूप लागतं, गटार तुंबून एक कोपरा कायमचा चिखलात जातो, किंवा लावताना हातभर असलेली झाडं वाढून खाली ऊनच पोचेनासं होतं. हे कारण शोधल्याशिवाय लावलेलं रोप जुन्या रोपांच्याच वाटेने जाणार. म्हणून आधी बाग कशामुळे मेली ते शोधायचं, लागवड त्यानंतर.

त्यासाठी एक साधा नकाशा काढा. झाडं, नळ, हौद, गटारं, दिवे त्यावर मांडा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कुठे पडते ते नोंदवा. लोक फरसबंदी सोडून ज्या पायवाटांनी जातात त्याही दाखवा, कारण त्या वाटा पुसायचा प्रयत्न केला तर तिथलं प्रत्येक रोप तुडवलं जाईल. त्यापेक्षा त्याच वाटेवर खडी टाकून ती पक्की करा. पाऊस पडत असताना एक फेरी मारली, तर पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं हे कोणत्याही आराखड्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

निदान एक ऋतू बदलेपर्यंत थांबायचं आणखी एक कारण आहे. लिली, भुईचाफा यांसारखे कंद वर्षातले काही महिने जमिनीखाली झोपलेले असतात. मोकळी दिसते म्हणून खणलेली जागा बऱ्याचदा मोकळी नसते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची हेलिगनची बाग पहिल्या महायुद्धानंतर काटेरी झुडपांखाली गडप झाली होती. १९९० नंतर ती उकलली गेली तेव्हा जुन्या भिंती, वाटा आणि झाडं खालीच सापडली. सरसकट यंत्र फिरवलं असतं तर त्यातलं फारच थोडं हाती लागलं असतं.

७. मग सुरुवात कशाने करायची?

धोका, पाणी, तण, माती, छाटणी आणि सगळ्यांत शेवटी लागवड, या क्रमाने.

धोक्यात काचा, उघडी चेंबरं, विजेच्या सुट्या तारा आणि वर अडकलेल्या वाळक्या फांद्या येतात. इंजेक्शनच्या सुया हाताने उचलू नका, चिमट्याने धरून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. सिमेंटचे जुने नालीदार पत्रे मोडकळीला आलेले दिसले तर ते तोडू, कापू किंवा झाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुफ्फुसात जाणं घातक असतं. ती जागा दोरीने बंद करून संबंधित खात्याला कळवायचं. उत्साही माणसाला आवरणं हे इथलं सगळ्यांत कठीण काम.

८. तण काढून काढून थकलो, ते परत येतंच. औषध मारून एकदाच संपवलं तर?

तणाचे स्वभाव वेगवेगळे असतात, म्हणून उपायही वेगळे.

गाजरगवतासारखं बियांवर जगणारं तण फुलायच्या आधी उपटलं की निम्मी लढाई संपते. एका रोपाला हजारो बिया येतात, त्यामुळे एक आठवड्याची दिरंगाईही महागात पडते. ते उघड्या हाताने धरू नका. अनेकांना त्याने त्वचेला खाज आणि पुरळ येतं, काहींना दम्याचा त्रास होतो. लव्हाळ्याचं उलट आहे. वरचं पातं ओढलं तरी जमिनीतल्या गाठी साखळीने जोडलेल्या राहतात आणि पुन्हा फुटतात. तिथे ओल्या मातीत खोल खणून गाठी वेचणं आणि फुटवा दिसला की तो परत काढत राहणं, एवढंच हाती असतं. हरळीच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, म्हणून तिच्यावर कुदळ चालवून तुकडे करणं म्हणजे तिची लागवडच. घाणेरी नुसती कापली तर दुप्पट जोमाने वाढते, तिचं खोड मुळाच्या गाठीसकट काढावं लागतं. तिची फळं खाऊन पक्षी बिया लांबवर पसरवतात, त्यामुळे कुंपणाबाहेरच्या घाणेरीकडेही लक्ष ठेवा.

तणनाशकाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : जिथे मुलं गवतात लोळतात तिथे स्वयंसेवकांनी ते फवारू नये. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. त्यावर इतर नियामक संस्थांचं मत वेगळं आहे आणि वाद चालू आहे. पण तो वाद बाजूला ठेवला तरी, फवारल्यानंतर उघडी पडलेली जमीन पुन्हा तणच भरून काढतं. कडक उन्हाच्या दिवसांत ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून चार ते सहा आठवडे ठेवलं तर वरच्या थरातल्या पुष्कळ बिया उष्णतेने मरतात. लव्हाळ्यावर मात्र याचा भरवसा धरू नका.

९. उपटलेलं तण कंपोस्टमध्ये टाकू का?

बी धरायच्या आधीचं असेल तर खुशाल टाका. बी धरलेलं तण आणि लव्हाळ्याच्या गाठी वेगळ्या ठेवा. ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकला आणि नीट परतला गेला तर बहुतेक बिया मरतात, पण हौशी ढिगांना ते तापमान क्वचितच गाठता येतं. ढिगात साधारण दोन-तीन घमेली वाळका पाला आणि एक घमेलं हिरवा कचरा असं प्रमाण धरा. वास मारायला लागला तर पाणी किंवा हिरवा भाग जास्त झालाय, म्हणून वाळका पाला घालून परता. पाला जाळायचा नाही, अगदी थोडासाही नाही. तो बागेचं फुकटचं खत आहे.

१०. माती दगडासारखी झाली आहे. नवी माती आणून ओतू का?

बहुतेक वेळा नको. माती वाईट नसते, ती पायांनी आणि गाड्यांनी दाबली गेलेली असते. तपासायचं असेल तर फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता पाणी तासाला किती उतरतं ते मोजा. दोन-तीन सेंटीमीटर उतरत असेल तर काम चालेल. जवळपास हलतच नसेल तर आधी निचऱ्याचं बघा.

उपाय सोपा पण सावकाश आहे. पहारीने किंवा दातेरी फावड्याने माती न उलटता सैल करा, कुजलेलं खत पसरा आणि वर पाच ते आठ सेंटीमीटर पाल्याचं आच्छादन द्या. माती ओली असताना तिच्यावर चालू नका, एका दिवसात महिन्याची मेहनत दाबली जाते.

मोठ्या झाडाखाली नवी माती ओतणं तर सरळ अपायकारक आहे. झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास असतात. त्यांच्यावर भर पडली की हवा कमी पडते आणि झाड लगेच न मरता पुढची काही वर्षं झुरत राहतं. आच्छादनही बुंध्याला टेकवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा.

११. जुन्या झाडांच्या फांद्या आम्ही छाटू शकतो का?

जमिनीवर उभं राहून, सिकेटरने किंवा लहान करवतीने जेवढं होईल तेवढंच, आणि तेही परवानगीत बसत असेल तर. शिडी, दोर किंवा यांत्रिक करवत लागणारं काम प्रशिक्षित माणसाचं आहे.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक किंचित फुगीर कडं दिसतं. कापायचं ते त्याच्या लगेच बाहेर. कडं कापलं तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जड फांदीला आधी खोडापासून थोडं लांब खालून एक काप, मग त्याच्याही थोडं बाहेर वरून दुसरा काप देऊन वजन उतरवा, आणि शेवटी कड्याबाहेर तिसरा. असं केलं नाही तर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडत नेते. जखमेला रंग किंवा डांबर लावू नका. झाड कुजलेला भाग बरा करत नाही, ते त्याला भिंती घालून वेगळा पाडतं. हे अमेरिकी वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून दाखवून दिलं, आणि छाटणीचे जुने नियम त्यानंतर बदलले.

पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड असंही नाही. पाडण्याआधी जाणकाराला दाखवा.

१२. बुंध्याला चिकटून सिमेंटचा ओटा आहे. फोडू का?

मोकळा करायलाच हवा, पण फोडयंत्राने नाही. छिन्नी-हातोड्याने, कडेकडेने, मुळं न दुखवता. खोडात रुतलेली तार सालीने पूर्ण गिळली असेल तर ती उकरू नका, दोन्हीकडची सुटी टोकं कापून सोडून द्या.

१३. शेवटी लावायची वेळ आली. काय आणि कसं लावायचं?

त्या हवामानात आपसूक टिकणारी, स्थानिक झाडं आणि झुडपं निवडा. रोप उंच असलं की लवकर मोठं होईल हा गैरसमज आहे. लहान, निरोगी रोप नव्या जागेत लवकर रुळतं आणि पुष्कळदा उंच रोपाला काही वर्षांत गाठतं.

पिशवी पूर्ण काढा. मुळं आत गोल गोल गुंडाळली असतील तर ती सोडवा किंवा कापा, नाहीतर पुढे तीच खोडाला फास लावतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद हवा, पण त्याहून खोल नको. खोड जिथे रुंदावून मुळं सुरू होतात तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. आधाराची काठी सैल बांधा आणि वर्षभरात काढा. वाऱ्याने थोडं हलल्यानेच खोड भक्कम होतं.

संख्या ठरवताना जागेकडे बघू नका, पाणी घालणाऱ्यांकडे बघा. झाडाला पहिले दोन-तीन कोरडे हंगाम पाणी लागतं. पाच माणसं नियमित येणार असतील तर पाच माणसांना झेपतील तेवढीच रोपं लावा, उरलेली जागा आच्छादनाखाली ठेवा.

१४. दाट ‘मियावाकी’ लागवड करून टाकली तर?

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची पद्धत स्थानिक प्रजातींचं जंगल लवकर उभं करण्यासाठी आहे. तिच्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. बागेचा वापर नसलेला एखादा कोपरा किंवा रस्त्याकडची कड तिच्यासाठी ठीक. पण बाग बसायची, खेळायची, आरपार दिसायची जागा असते. दाट झाडीत नजर पोचत नाही आणि संध्याकाळी एकट्याने जायला लोक कचरतात. शिवाय सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्या तुकड्यालाही निंदणी आणि पाणी लागतंच.

१५. पाण्याची सोयच नाही. तरी काम सुरू करावं का?

तण, माती आणि आच्छादनाचं काम सुरू करा, लागवड थांबवा. थोड्या रोपांसाठी भाजलेलं, लेप न दिलेलं मडकं शेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर पाणी झिरपत राहतं. त्याला झाकण हवंच. डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ गरम हवेत आठ-दहा दिवसांत होते, म्हणून झाकता न येणारी भांडी, टायर आणि तुटक्या कुंड्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा.

१६. पहिल्या दोन रविवारी गर्दी होती, आता तिघेच येतो. काय करायचं?

हे सगळीकडे होतं. ‘सगळी बाग सगळ्यांची’ असं ठेवलं की ती कोणाचीच राहत नाही. प्रत्येकाला एक ठरलेला वाफा द्या. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सत्तरच्या दशकात दुरवस्थेत गेलं होतं. १९८० मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या संस्थेने पुढे पार्कचे विभाग पाडून प्रत्येकाला एक ठरलेला माळी नेमला. कोणत्या कोपऱ्याचं काय चाललंय याचं उत्तर एका माणसाकडे असणं हा त्यातला कळीचा भाग, आणि तो अर्ध्या एकराच्या बागेलाही लागू पडतो. तिघे जण नियमित येत असाल तर तिघांना झेपेल तेवढाच तुकडा घ्या.

१७. एका कंपनीला एकाच दिवशी साठ माणसं पाठवायची आहेत. हो म्हणू का?

म्हणा, पण वृक्षारोपणासाठी नको. खत वाहून नेणं, आच्छादन पसरणं, कुंपण रंगवणं, पाला चाळणं अशी अंगमेहनतीची कामं त्यांच्यासाठी राखून ठेवा. फोटोसाठी रोप हवंच असा हट्ट असेल तर विचारा, पुढची दोन वर्षं त्याला पाणी कोण घालणार? या प्रश्नानंतर काही कंपन्या गप्प होतात. काही टाकीचा आणि नळजोडणीचा खर्च उचलतात, आणि तो साठ रोपांपेक्षा मोलाचा असतो.

१८. देणग्या घेतल्या तर चालतील का?

रोख आणि कोणाच्याही खासगी खात्यात नको. अवजारं, खत, पाइप अशी वस्तुरूपात मदत घ्या आणि नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवा. नावाच्या पाट्यांबद्दल देणगी घेण्याआधीच ठरवा.

१९. बागेत काही लोक झोपतात, मुलं खेळून गवत उखडतात. आधी त्यांना हटवायला हवं ना?

नको. आपल्याला ओसाड वाटणारी बाग त्यांच्यासाठी वापरातली आहे. पडलेल्या काळात तिथे कोण येतं, काय होतं हे सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत असतं. प्रश्न ६ मधल्या नकाशात त्यांच्या जागाही मांडा. खेळणाऱ्या मुलांना एक मोकळा तुकडा ठरवून दिला तर उरलेले वाफे वाचतात. खरा गुन्हा किंवा हिंसा दिसली तर स्वतः मध्ये न पडता पोलिसांना कळवा.

२०. लावलेली रोपं चोरीला जातात.

फुललेली, कुंडीतली, दिखाऊ रोपं आधी जातात. साधी झुडपं लावा, सुरुवातीला फाटकाजवळ काही लावू नका, आणि जादा रोपं तयार करून लोकांना वाटा.

२१. साप, मधमाश्यांचं पोळं किंवा घरटं दिसलं तर?

काम थांबवून मागे सरका. साप मारायचा किंवा पकडायचा प्रयत्न करू नका, प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. ढीग उचलण्याआधी काठीने हलवा आणि जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका. पोळ्याला धूर करू नका. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत तसंच ठेवायचं. छाटणीचा दिवस पुढे गेला तर जाऊ दे.

२२. भिंतीच्या भेगेत पिंपळ उगवला आहे. ओढून काढू?

बोटभर असेल तर ओल्या दिवसांत मुळासकट निघतो. मनगटाएवढा झाला असेल तर ओढू नका, मुळांबरोबर भिंतही येईल. वरचा भाग कापून घ्या आणि मुळं काढण्याचं काम भिंतीच्या दुरुस्तीबरोबरच गवंड्याकडून करून घ्या.

२३. बाग ऐतिहासिक आहे. नियम बदलतात का?

पूर्ण बदलतात. ऐतिहासिक बागांसाठीची फ्लॉरेन्सची सनद १९८२ ची आहे. ती अशा बागेला ‘जिवंत स्मारक’ मानते. तिथे खणणं, फरशी हलवणं, कारंजं साफ करणंसुद्धा पुरातत्त्व जाणकारांच्या देखरेखीशिवाय नको. जुनं झाड मेलं तर त्याच जातीचं, त्याच जागी. स्वयंसेवकांनी नोंदी, वेचणी आणि वरवरची निंदणी यापुढे जाऊ नये.

२४. आम्ही काम करतो हे बघून माळ्याचं पद बंद करायचं चाललं आहे. आता?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे आणि तो चांगलं काम करणाऱ्या गटांनाच पडतो. आमच्या मते स्वयंसेवकांनी पगारी माणसाची जागा घेऊ नये. तसं केलं तर एकाची रोजी जाते, आणि गटातले दोघे-तिघे गाव सोडून गेले की बाग पुन्हा पहिल्या ठिकाणी येते. परवानगीच्या कागदात (प्रश्न ४) माळी कोणती कामं करणार आणि गट कोणती, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. रोजचं पाणी, झाडलोट आणि यंत्रकाम माळ्याकडे, खुरपणी, कंपोस्ट आणि नोंदी गटाकडे, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी चालते. ते लिहिलेलं नसेल तर आता लेखी पत्र द्या : पद बंद झालं तर अमुक तारखेपासून आम्ही पाणी घालणं थांबवू. पत्राची प्रत माळ्यालाही द्या, आणि तारीख कोरड्या हंगामाच्या बरीच आधीची ठेवा, म्हणजे निर्णय होईपर्यंत रोपं तगतील.